एका मागणीपुरतं का होईना, पण एकत्र

बॅनरवर कुणाचं नाव आधी यावरून आमची मीटिंग मोडता मोडता राहिली. 2025 चा उन्हाळा होता, जनसुरक्षा विधेयकाच्या विरोधात आमच्या भागातल्या सगळ्या संघटनांनी मिळून एक सभा घ्यायची असं ठरलेलं आणि लोकही चांगले जमले होते, समाजवादी मंडळी, डावे, आंबेडकरी चळवळीतली तरुण पोरं, काँग्रेसचे वॉर्डातले एकजण, कोर्टात प्रॅक्टिस करणाऱ्या दोघी वकील आणि घरकामगार संघटनेच्या काही जणी. अर्ध्याहून जास्त वेळ नावांच्या क्रमावर गेला. मग कुणाचा झेंडा स्टेजवर लागणार, कुणाचा नाही. मग अध्यक्ष कोण. दोघं जण चपला घालून निघालेच होते. शेवटी घरकामगार संघटनेच्या एक ताई, ज्या तोवर गप्प बसून होत्या, त्या म्हणाल्या, "आमचं नाव नाही टाकलं तरी चालंल, पण सभा सातच्या नंतर ठेवा, त्याच्या आधी आम्ही कामावर असतो." अख्ख्या मीटिंगमधलं सगळ्यात कामाचं वाक्य हेच होतं असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

ज्यांना हे विधेयक काय ते माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक जुलै 2024 मध्ये पहिल्यांदा विधिमंडळात आलं, लोकांच्या विरोधामुळे संयुक्त समितीकडे गेलं, हजारो हरकती-सूचना आल्या, आणि थोडेफार बदल करून जुलै 2025 मध्ये दोन्ही सभागृहांत मंजूर झालं. सरकारचं म्हणणं आहे की हे शहरी नक्षलवादासाठी आहे, सामान्य माणसाने घाबरायचं कारण नाही. पण कागदावर काय आहे ते बघा. सरकार एखादी संघटना बेकायदा ठरवू शकतं, मग तिचा सभासद असणं, तिला वर्गणी देणं, मदत करणं हे सगळं गुन्हा होतं, गुन्हा अजामीनपात्र, शिक्षा दोन ते सात वर्षं, आणि संघटनेची जागा सरकार ताब्यात घेऊ शकतं. बेकायदा कृत्याची व्याख्या मूळ मसुद्यात इतकी सैल होती की कायद्याची अवज्ञा करायला प्रोत्साहन देणं सुद्धा त्यात बसत होतं. 1930 मध्ये चिरनेरला जंगल सत्याग्रह झाला तो कायद्याची अवज्ञाच होती ना? मग आपण ज्यांची स्मारकं बांधली त्यांनी केलं ते काय होतं?

विधानसभेत मंजुरीच्या वेळी उघड विरोध नोंदवला तो डहाणूचे मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे (माकप) विनोद निकोले यांनी. बाकी विरोधी बाकांवर त्या दिवशी जी शांतता होती ती मला अजून बोचते, कारण रस्त्यावर याच पक्षांचे कार्यकर्ते आमच्याबरोबर घोषणा देत होते. डहाणूचं नाव लक्षात ठेवा, ते पुढे पुन्हा येणार आहे.

तर मुद्दा असा की आपल्याकडे हे सगळं आधी झालेलं आहे, आणि ज्यांनी तेव्हा केलं त्यांनी ते कसं केलं हे आपण नीट बघतच नाही. आणीबाणी म्हटलं की आपल्या डोक्यात जयप्रकाश, इंदिराबाई, तुरुंग, मग 1977 ची निवडणूक, एवढंच येतं. जणू 25 जून 1975 च्या रात्री लोकांना अन्याय कळला आणि ते एकत्र आले. असं काही झालेलं नाही. माणसं त्याच्या आधीपासून एकमेकांना ओळखत होती, आणि ती ओळख राजकारणातनं झालेली नव्हती, ती रॉकेलच्या रांगेतनं झाली होती.

माझी आत्या गोरेगावची. मृणालताई गोरे तिथल्याच, नळाच्या पाण्यासाठी भांडून भांडून त्यांना पाणीवाली बाई हेच नाव पडलं होतं. 1972 मध्ये दुष्काळ आणि महागाईच्या काळात मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. त्यात मृणालताई आणि प्रमिला दंडवते समाजवादी, अहिल्याताई रांगणेकर माकपच्या, तारा रेड्डी भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या (भाकप). आता 1964 मध्ये कम्युनिस्ट पक्ष फुटला तेव्हापासून माकप आणि भाकप यांच्यातून विस्तव जात नव्हता आणि समाजवाद्यांचं तर दोघांशीही जमत नव्हतं, तरी या बाया एका टेबलाला बसल्या, कारण तेल, साखर, रॉकेल, धान्य यावर मतभेद कसले असणार. आत्या लाटणं मोर्च्याला गेली होती. ती सांगायची की घरातनं निघताना सासूबाईंनी विचारलं लाटणं कुठं नेतेस, तर हिने सांगितलं मंत्र्याला दाखवायला, आणि सासूबाई काही बोलल्या नाहीत, उलट शेजारणीला हाक मारून म्हणाल्या तूपण जा. थाळ्या बडवत हजारो बाया रस्त्यावर, त्यातल्या कित्येकींनी आयुष्यात पक्षाचं ऑफिस पाहिलेलं नव्हतं. आत्याला कधी कोणी विचारलं नाही तू कुठल्या पक्षाची.

हे मी का सांगतेय, तर तीन वर्षांनी आणीबाणी आली तेव्हा याच बायकांच्या ओळखी कामाला आल्या. मृणालताई काही महिने भूमिगत होत्या, त्यांना कुणी कुणी घरात ठेवून घेतलं असेल याचा विचार करा. पुढे त्याही पकडल्या गेल्या. प्रमिलाताई, अहिल्याताई येरवड्याला. आणि समितीची मर्यादाही तिथेच दिसली, कारण भाकपने आणीबाणीला पाठिंबा दिला. रॉकेलवर एकत्र असलेले सगळे स्वातंत्र्यावर एकत्र राहतीलच असं नाही, हे धरूनच चालायला लागतं. पण चारातले तीन राहिले, आणि ते आधीच एकमेकांच्या घरात जाऊन-येऊन होते म्हणून राहिले.

दुसरीकडे ज्यांचा मोर्च्याबिर्च्याशी संबंध नाही अशी माणसं होती. डिसेंबर 1975, कऱ्हाडचं साहित्य संमेलन, अध्यक्ष दुर्गाबाई भागवत, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, जे तेव्हा केंद्रात परराष्ट्रमंत्री होते. जयप्रकाश तेव्हा मुंबईत जसलोक हॉस्पिटलमध्ये, किडन्या गेलेल्या. दुर्गाबाईंनी त्या व्यासपीठावरनं जयप्रकाशांना बरं वाटावं म्हणून सगळ्यांना उभं राहून प्रार्थना करायला सांगितलं. सेन्सॉरशिपच्या दिवसांत, मंत्र्यांच्या देखत. पुढे त्यांनाही अटक झाली. मला यात एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते, ती म्हणजे दुर्गाबाई कुठल्याच पक्षाच्या नव्हत्या, लोकसाहित्यावर काम करणारी अभ्यासू बाई, आणि नेमकं म्हणूनच त्यांचं बोलणं कुणाला "हे तर विरोधकांचं" म्हणून उडवून लावता आलं नाही.

आणि वकील. हा किस्सा कमी लोकांना माहितीये म्हणून जरा सविस्तर सांगते. ऑक्टोबर 1975 मध्ये मुंबईच्या वकिलांनी ठरवलं की नागरी स्वातंत्र्य आणि कायद्याचं राज्य या विषयावर एक बैठक घ्यायची, जाहीर सभा पण नाही, बंद हॉलमध्ये, फक्त निमंत्रित वकिलांची, जागा काँग्रेस हाऊसच्या आवारातला जिना हॉल. बोलणार कोण, तर एम. सी. छागला आणि जे. सी. शहा, म्हणजे एक मुंबई हायकोर्टाचे माजी मुख्य न्यायमूर्ती आणि दुसरे सुप्रीम कोर्टाचे माजी सरन्यायाधीश. पोलीस कमिशनरांनी परवानगी नाकारली. माजी सरन्यायाधीशांनी वकिलांसमोर कायद्यावर बोलायला पोलिसांची ना! (तो हॉल 1918 मध्ये गव्हर्नर विलिंग्डनला केलेल्या विरोधाची आठवण म्हणून लोकांच्या वर्गणीतून झालेला, आणि छागला तर तरुणपणी जिनांच्याच चेंबरमध्ये ज्युनिअर होते.) वकील गप्प बसले नाहीत, त्यांच्यातल्याच नाथवानी यांच्या नावाने हायकोर्टात गेले आणि डिसेंबरमध्ये मुंबई हायकोर्टाने तो आदेश रद्द केला. आणीबाणी चालू असताना. माजी खासदार मिनू मसानींच्या मासिकावर सेन्सॉरने कात्री चालवली तेव्हाही मुंबई हायकोर्ट मसानींच्या बाजूने उभं राहिलं होतं. हे न्यायाधीश काही क्रांतिकारक नव्हते, पण त्यांच्यासमोर कुणीतरी कागद घेऊन गेलं होतं, ही खरी गोष्ट. कागद गेलाच नाही तर कोर्ट तरी काय करणार.

आमच्या सभेचा हॉल पण आदल्या दिवशी कॅन्सल झाला. हॉलवाल्याने सांगितलं वरून फोन आला, कुणाचा ते सांगेना, डिपॉझिट मात्र लगेच परत दिलं. लेखी काही नाही. लेखी नाही म्हणजे कोर्टात न्यायला पण काही नाही, त्या दोघी वकिलांनी हेच सांगितलं. 1975 च्या पोलिसांनी निदान लेखी नकार दिला होता. मग एका निवृत्त सरांच्या सोसायटीच्या गच्चीवर सभा झाली, सातनंतर, आणि घरकामगार बाया इतक्या आल्या की सतरंज्या पुरल्या नाहीत.

परत तेव्हाकडे. सुप्रीम कोर्टाने मात्र 28 एप्रिल 1976 ला जे केलं ते वाचताना आजही हात थरथरतात. नऊ हायकोर्टांनी सांगितलेलं की आणीबाणी असली तरी अटकेतला माणूस हेबियस कॉर्पसचा अर्ज, म्हणजे माझी अटक कायदेशीर आहे का ते कोर्टाने तपासावं असा अर्ज, करू शकतो. सुप्रीम कोर्टाने चार विरुद्ध एक अशा मतांनी ते फिरवलं. सुनावणीत न्या. खन्नांनी अ‍ॅटर्नी जनरल निरेन डे यांना विचारलं होतं की पोलिसाने वैयक्तिक दुश्मनीतून एखाद्याचा जीव घेतला तरी काही दाद नाही का, आणि डे यांचं उत्तर होतं की आणीबाणी आहे तोवर नाही. खन्ना एकटे विरोधात गेले, त्यांची सरन्यायाधीशपदाची पाळी होती ती पुढच्या जानेवारीत त्यांना डावलून दुसऱ्याला दिली गेली आणि त्यांनी राजीनामा दिला. तो निकाल रद्दबातल ठरायला 2017 उजाडलं. एक्केचाळीस वर्षं.

त्या निकालानंतर काही महिन्यांनी, ऑक्टोबर 1976 मध्ये, जयप्रकाशांच्या पुढाकाराने पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज अँड डेमोक्रॅटिक राइट्स (पुढची पीयूसीएल) स्थापन झाली. उद्घाटन आचार्य कृपलानींचं, अध्यक्ष न्या. वि. म. तारकुंडे, सरचिटणीस कृष्णकांत, जे काँग्रेसमधलेच बंडखोर. तारकुंडे आपल्या सासवडचे, मुंबई हायकोर्टाचे माजी न्यायमूर्ती, मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांचे. कल्पना अशी की यात कुठल्याही पक्षाचा माणूस येऊ शकतो, फक्त इथं बोलायचं ते नागरी स्वातंत्र्याबद्दल, बाकी राजकारण बाहेर. मला वाटतं आपल्याला आज उचलायची आहे ती हीच गोष्ट. आघाडी रुंद करायची असेल तर मागणी अरुंद ठेवावी लागते. शेतीमालाचा भाव, आरक्षण, परराष्ट्र धोरण, हे सगळं महत्त्वाचं आहे पण ते एकाच पत्रकात कोंबलं की प्रत्येक मुद्द्याला थोडे थोडे लोक गळतात आणि शेवटी पत्रक छापणारेच उरतात. आमच्या पहिल्या पत्रकात अठरापगड मागण्या होत्या, वाचून एका रिक्षावाल्या दादांनी विचारलं, यातलं नक्की काय पाहिजे तुम्हाला?

1977 च्या मार्चमधल्या लोकसभा निवडणुकीचा मुंबईतला निकाल तर मी लोकांना परत परत सांगत असते. सहाच्या सहा जागा काँग्रेसच्या विरोधात. उत्तरेत मृणाल गोरे, म्हणजे समाजवादी. उत्तर-मध्यला अहिल्या रांगणेकर, माकप. दक्षिण-मध्यला रिपब्लिकन पक्षाचे बी. सी. कांबळे. वायव्येला राम जेठमलानी, वकील. ईशान्येला जनसंघाकडून आलेले सुब्रमण्यम स्वामी. दक्षिणेत रतनसिंह राजदा. "पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात" ही घोषणा तेव्हाचीच, आत्या ती चालीत म्हणून दाखवायची. या सहा जणांना एका खोलीत बसवून अर्थकारणावर चर्चा करायला सांगितली असती तर संध्याकाळपर्यंत कुणी कुणाशी बोललं नसतं. राज्यात बघा, 48 पैकी काँग्रेस 20, जनता पक्ष 19, शेतकरी कामगार पक्ष (शेकाप) 5, माकप 3, रिपब्लिकन 1. माकपच्या तिघांत एक लहानू कोम, आणि त्यांचा मतदारसंघ डहाणू.

इथे एक गोष्ट बारकाईने बघा. दिल्लीत जे झालं ते विलीनीकरण होतं, जनसंघ, समाजवादी, संघटना काँग्रेस, लोकदल सगळे जनता पक्ष या एका पक्षात मिसळले, आणि दोन वर्षांत दुहेरी सदस्यत्वाच्या (म्हणजे जनसंघाकडून आलेल्यांनी रा. स्व. संघातही राहायचं का या) वादावर आणि नेत्यांच्या भांडणात ते कोसळलं, जुलै 1979 मध्ये मोरारजींचं सरकार गेलं. महाराष्ट्रात शेकाप, माकप, रिपब्लिकन यांनी आपापलं घर सोडलंच नाही. झेंडा आपला, निशाणी आपली, फक्त एकमेकांच्या जागेवर उभं राहायचं नाही. कुणाला कुणाचं व्हायची सक्ती नव्हती म्हणून तिथे फसवणुकीची भावनाही कमी होती. म्हणून आमच्याकडे कुणी "सगळ्यांनी एकच मंच, एकच नाव, एकच नेता" म्हणायला लागलं की मी हात वर करते. आपापल्या घरी राहा, पण हाक मारली की ओ द्या, एवढंच मागू एकमेकांकडे.

जनता सरकारने एक काम मात्र पक्कं केलं, 44 वी घटनादुरुस्ती. आता "अंतर्गत अशांतता" एवढ्या कारणावर आणीबाणी लावता येत नाही, सशस्त्र बंड लागतं, आणि जगण्याचा हक्क म्हणजे कलम 21 आणीबाणीतही स्थगित करता येत नाही. खटला न चालवता आत टाकणारा मिसा कायदा पण 1978 मध्ये रद्द झाला. पण मग काय झालं, तर लोकांना वाटलं आपलं काम संपलं. नागरी हक्कांचं बोलणारे कित्येक जण सत्तेच्या जवळ गेले, संघटना थंडावली, आणि 1980 मध्ये राष्ट्रीय सुरक्षा कायदा आला तेव्हा पीयूसीएलची नव्याने बांधणी करायची वेळ आली. त्यानंतर 1985 ला टाडा, 2002 ला पोटा हे दहशतवादविरोधी कायदे, आणि 1967 चा यूएपीए, म्हणजे बेकायदा कारवाया प्रतिबंधक कायदा, दर काही वर्षांनी आणखी कडक. यातले काही काँग्रेसच्या राजवटीत झाले, काही भाजपच्या. मी काँग्रेसवाल्या मित्रांसमोर हे मुद्दाम बोलते, त्यांना आवडत नाही, पण जनसुरक्षा कायद्याला विरोध करायचा आणि यूएपीएवर गप्प बसायचं हे चालणार नाही.

तारकुंडे मात्र थांबले नव्हते. 1977 मध्ये, दिल्लीत मित्रपक्षांचं राज्य असताना, त्यांच्या समितीने आंध्रात आणीबाणीत झालेल्या नक्षलवाद्यांच्या एन्काउंटरची चौकशी केली. रॉयवादी माणूस, नक्षल्यांच्या हिंसेशी त्याचं काडीचं सहमत नाही, पण पोलिसांनी माणसं मारून चकमक दाखवली का हे विचारायला तो गावोगाव गेला. आपल्याला न पटणाऱ्या माणसाचा हक्क सांभाळायची ही जी तयारी आहे ती आमच्या ग्रुपमध्ये अजून कच्ची आहे. कुणाची अटक झाली की पहिला प्रश्न येतो "तो आपल्यातला आहे का?"

आणि एक जे तेव्हाही राहिलं. मे 1976 मध्ये मानखुर्दजवळची जनता कॉलनी पाडली, हजारो कुटुंबं उचलून चित्ता कॅम्पला नेऊन टाकली. त्याच वर्षी महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं, राष्ट्रपतींची सही झाली नाही म्हणून वाचलो. बार्शीत रस्त्यावरून माणसं धरून नसबंदीच्या कॅम्पला नेल्याच्या हकिकती आहेत. गरीब माणसासाठी आणीबाणी म्हणजे हे होतं, सेन्सॉरशिपच्या निषेधात कोरी सोडलेली संपादकीयाची जागा नाही. आणि तरी आपल्या आठवणींच्या पुस्तकांत तुरुंगातले नेते पानोपानी आणि जनता कॉलनीला जेमतेम एक ओळ. ज्यांच्यावर सगळ्यात आधी बुलडोझर येतो ते आघाडीच्या मीटिंगमध्ये मागे सतरंजीवर बसणार असतील तर ती आघाडी रुंद कसली?

म्हणून आमच्याकडे सध्या काय चाललंय ते सांगते. बॅनरवर आता कुठल्याच संघटनेचं नाव नाही, फक्त मागणी आहे. मीटिंग सातनंतर, आणि प्रत्येक वेळी वेगळ्या वस्तीत, म्हणजे ज्याच्या दारात ती असते तो यजमान होतो आणि बोलतो. दोघी वकिलांनी साध्या मराठीत एक पान केलंय, पोलीस दारात आले तर काय विचारायचं, अटकेचं कारण सांगायला लावायचं, 24 तासांत मॅजिस्ट्रेटसमोर हजर करावं लागतं, फोन कुणाला करायचा. ते पान बॅनरपेक्षा जास्त फिरलंय, भाजीवाल्यांपर्यंत गेलंय. सभेला हॉल नाकारला तर नकार लेखी मागायचा हेही त्यात नंतर घातलंय.

अजून फेरीवाले आलेले नाहीत, मशिदीच्या कमिटीतले दोघं येऊन गेले पण परत यायला कचरतात आणि त्यांची भीती मी समजू शकते, त्यांच्यासाठी या मीटिंगला नुसतं येणं हेच माझ्यापेक्षा कितीतरी महाग आहे. भाजपला मत देणारे पण या कायद्यावर नाराज असलेले आमच्या सोसायटीत निदान तीन जण आहेत, मिसात ज्यांचे वडील आत होते असे एक काका त्यातच. त्यांना बोलवायचं का यावर ग्रुपमध्ये परवा कडाक्याचं भांडण झालं. माझं मत बोलवायचं असं आहे, माफी मागायला न लावता, मागणी मान्य असेल तर. काहींनी ग्रुप सोडायची धमकी दिलीये, एकाने सोडलाही. मी रविवारी काकांच्या घरी जाणार आहे, ते वकिलांनी केलेलं पान घेऊन.